बिस्किटाला बशी लागते

घर बघायला गेलो तेव्हा टीचरनी भाड्याचं, डिपॉझिटचं काही विचारलं नाही. तुम्ही व्हेज की नॉनव्हेज, हा भाईंदरमध्ये घर शोधताना तोवर जवळपास प्रत्येकाने विचारलेला प्रश्नही त्यांनी विचारला नाही. नवघरच्या त्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये त्या किल्ल्यांचा जुडगा हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, "तुमच्याकडे बिस्किटांचा डबा कुठे असतो?"

बाबा फोर्टमधल्या एका शिपिंग कंपनीत जन्मभर क्लार्क होते. समोरच्याने काहीही विचारलं तरी नीट उत्तर द्यायची त्यांना सवय. ते म्हणाले, टीव्हीशेजारी. टीचरनी खेदाने मान हलवली आणि हातानेच आम्हाला घर समजावून सांगितलं. टीव्ही ह्या भिंतीला लागेल, स्वयंपाकघर त्या टोकाला. डबा तिकडे, वरच्या फळीवर. बिस्किटासाठी माणसाला उठून जावं लागलं पाहिजे. एवढं बोलून त्यांनी किल्ली आईच्या हातात ठेवली. घर आम्हाला मिळालं होतं. खाली उतरताना आई म्हणाली, बाई जरा वेडसर दिसते, पण घर हवेशीर आहे.

टीचर समोरच्याच फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. आमचा फ्लॅट त्यांच्या आखातात असलेल्या भावाचा. मूळच्या त्या उत्तनकडच्या पाली गावातल्या. घरचे सगळे मासेमारी करणारे, ह्या एकट्या शिकून एका शाळेत केमिस्ट्री शिकवायला लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. लग्न केलं नव्हतं. इमारतीतलं शेंबडं पोर असो की सेक्रेटरी, सगळे त्यांना टीचर म्हणायचे. उंच, सावळ्या, केस बॉयकट, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. वर्गात बोलल्यासारखं स्वच्छ मराठी बोलायच्या, पण मनापासून काही सांगायचं असलं की गावची बोली बाहेर यायची. एकदा बाबांनी त्यांना सरळच विचारलं होतं, टीचर, बिस्कीट चांगलं की वाईट ते एकदा सांगून टाका. त्या म्हणाल्या, "औषध न्हाय, विष न्हाय. बिस्कीट हाय."

लोकांना वाटायचं त्या बिस्किटांच्या विरोधात आहेत. तसं अजिबात नव्हतं. बिस्किटावर इतकं प्रेम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. दुपारी चार वाजता त्यांचं दार उघडं असायचं. टेबलावर बिनसाखरेचा चहा, बशीत दोन बिस्किटं, शेजारी मूठभर भाजलेले चणे नाहीतर केळं. बिस्किटं बशीत काढली की पुडा बंद करून आत ठेवून द्यायचा आणि मगच बसायचं. पुडा समोर ठेवून खाणं त्यांना असह्य व्हायचं. पुड्यातून खाणाऱ्याला आपण किती खाल्लं हे पुडा संपल्यावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. बिस्किटाला बशी लागते, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणी पुडा फोडला की माझा हात बशीकडे जातो.

चणे कशाला, असं मी एकदा विचारलं. मी तेव्हा एका विमा कंपनीत नुकतीच लागले होते आणि सुट्टीच्या दिवशी चार वाजता त्यांच्याकडे जाऊन बसायचे. त्या म्हणाल्या, बाय, बिस्कीट मैदा आणि साखरेचं. ते पोटात टिकत नाही, अर्ध्या तासात पुन्हा मागणी येते. चणे बसून राहतात. जिभेसाठी बिस्कीट, पोटासाठी चणे. दोन्ही कामं एकट्या बिस्किटाकडून करून घ्यायला गेलीस तर अख्खा पुडा लागेल.

रविवारी चर्चमधून, मिस्साहून आल्यावर मात्र एक क्रीमचं बिस्कीट. ते त्या लहान मुलीसारखं पिळून उघडायच्या, आतलं क्रीम आधी खायच्या आणि तेवढा वेळ डोळे मिटलेले असायचे. त्या वेळी कुणी बोललेलं चालायचं नाही. त्यांच्या लहानपणी वडील भाईंदरला मासळी विकायला आले की परत जाताना बिस्किटं न्यायचे आणि प्रत्येक पोराच्या वाट्याला एकच यायचं. ते एक बिस्कीट कडेकडेने कुरतडत संध्याकाळपर्यंत पुरवायचं. टीचर सांगायच्या, मला चव कळते ती त्या एका बिस्किटामुळे. ज्यांना पुडा मिळतो त्यांना चव कुठे कळते?

नाक्यावरच्या दुकानदाराचा त्यांनी अंत पाहिला होता. नवीन बिस्कीट आलं की तो मोठ्या हौसेने त्यांच्यासमोर ठेवायचा आणि पुढे लिहिलेलं वाचून दाखवायचा, दूध, गहू, बदाम. टीचर त्याला थांबवायच्या. म्हणायच्या, "भैया, पीछे का पढ़ो. आगे तो फोटो है." मग तो बिचारा चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचायचा आणि टीचर डोळे बारीक करून ऐकायच्या. जे जास्त घातलंय त्याचं नाव आधी लिहितात, हे त्यांनी सगळ्या गल्लीला शिकवलं होतं. पहिली तीन नावं ऐकायची. मैदा, साखर, पामतेल अशी आली की बदाम कितवा येतो ते विचारायचं. बदाम बहुतेक मिठाच्या आसपास यायचा. ‘डायजेस्टिव्ह’ ह्या शब्दावर त्यांचा विशेष राग. माणसं पचायला हलकं समजून दुप्पट खातात, म्हणायच्या, आणि साखर, तेल त्यातही आहेच. पण हे सगळं ऐकून झालं की त्या त्यातलाच एक पुडा घ्यायच्या. दुकानदाराला हे कोडं कधी सुटलं नाही. इतकं वाईट बोलून पुन्हा घेता कशाला, असं त्याने एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, शेजाऱ्याचे दुर्गुण माहीत असले तरी आपण त्याच्याकडे चहाला जातोच ना.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन झालं की मुलांना बिस्किटं वाटायचे. आमच्या पहिल्याच वर्षी सेक्रेटरींनी टीचरना दोन शब्द बोलायला सांगितलं. सेक्रेटरींचा स्टीलच्या भांड्यांचा छोटा कारखाना होता, माणूस मोठा हौशी. टीचर वर गेल्या आणि शाळेतून रिटायर होताना मिळाल्यासारख्या दिसणाऱ्या काही वस्तू घेऊन आल्या. एक परीक्षानळी, एक लांब चिमटा, मेणबत्ती. नळीत थोडं पाणी घेऊन ती त्यांनी सेक्रेटरींच्या हातात दिली, एका लाकडी पकडीने धरायला लावून. मग चिमट्यात क्रीमचं बिस्कीट पकडून ते मेणबत्तीवर धरलं.

बराच वेळ काही झालं नाही. मुलं चुळबुळ करू लागली. वॉचमनने उगाच पाण्याची बादली जवळ आणून ठेवली. मग बिस्किटाची कड काळी पडली, आणि एकदम त्याने पेट घेतला. पिवळी, काजळी सोडणारी ज्योत. टीचरनी ते जळतं बिस्कीट नळीखाली धरलं. बिस्कीट जळत राहिलं, थांबेचना, आणि नळीतलं पाणी आधी थरथरलं, मग बुडबुडे येऊन खरोखर उकळलं. टीचरनी उकळत्या पाण्यात चिमूटभर चहा पावडर टाकली आणि मुलांना म्हणाल्या, "एका बिस्किटात एवढं जळण हाय. खेळणार असाल तर खा. टीव्हीसमोर बसणार असाल, तर हे जळण जाणार कुठे त्याचा विचार करा."

मुलांनी बिस्किटं खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत जळण संपवायच्या नावाखाली इतकी धावपळ केली की तळमजल्यावरच्या दोन कुंड्या फुटल्या. सेक्रेटरींच्या पांढऱ्या कुडत्याला काजळी लागली होती. ते ती कौतुकाने सगळ्यांना दाखवत फिरले. त्यांनी पुढच्या वर्षी बक्षिसं म्हणून प्रत्येक घराला स्टीलची छोटी बशी दिली.

नळीतलं पाणी उकळलं तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या बाबांनी वाजवल्या होत्या. बाबांचं बिस्किटावर निराळं प्रेम होतं. ते चहात एकदम दोन बिस्किटं जोडून बुडवायचे आणि ती मोडायच्या आत तोंडात पोचवायचे. हे त्यांचं कसब होतं. ऑफिसात त्यावर पैजा लागायच्या म्हणे. त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांच्या रक्तात साखर निघाली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, गोड कमी करा म्हणाले. आईने ‘कमी’चा अर्थ ‘बंद’ असा लावला. त्याच दिवशी घरातली सगळी बिस्किटं शेजारीपाजारी वाटून टाकली. साखरेचा डबाही वर गेला. बाबा काही बोलले नाहीत. उलट सकाळ-संध्याकाळ चालायला जायला लागले, आई खूश. मे महिन्याच्या अखेरीला तिने छत्र्या बाहेर काढल्या, काड्या वगैरे ठीक आहेत का बघायला. बाबांची मोठी काळी छत्री दाराबाहेर, जिन्याजवळ उभं राहून तिने डोक्यावर उघडली आणि वरून बिस्किटं पडली. आधी सुटी दोन-चार, मग उघडा पुडा, मग सगळा चुरा. समोर टीचर त्यांच्या दारात उभ्या होत्या आणि मी आत. आईच्या केसांत बिस्किटाचे कण आणि हातात ती उघडी छत्री. मला हसू आलं होतं, पण आईचा चेहरा बघून मी झाडू आणायला वळले. तिचे डोळे भरले होते.

त्या दिवसापासून आई बाबांशी बोलेना. ‘जेवायला बसा म्हणावं’, ‘गोळी घेतली का विचार’, असं सगळं माझ्यामार्फत. बाबाही हट्टाला पेटले. चालणं बंद केलं. खुर्चीत बसून राहायचे, जेवण अर्ध्यावर सोडायचे. दोघंही एकमेकांची काळजी करत होते आणि दोघंही त्यासाठी मलाच विचारत होते. पुढच्या तपासणीत साखर आणखी वाढलेली निघाली. रिपोर्ट टेबलावर पडून राहिला आणि घरात कुणी रेडिओही लावेना.

टीचरनी हे सगळं समोरच्या दारातून बघितलं होतं. एका दुपारी चारच्या सुमाराला त्या आमच्याकडे आल्या, आणि बाबांकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात आईजवळ गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी आईला विचारलं, वहिनी, एवढं कशाला घाबरता? आई आधी म्हणाली घाबरत नाही, राग येतो. मग तिने सांगितलं. तिच्या वडिलांना हाच आजार होता. त्यांनीही असंच लपवून खाल्लं, जखम लपवली, शेवटी पाय कापायला लागला. तेव्हा ती शाळेत होती. त्यांची कुबडी भिंतीला टेकवून ठेवायचं काम तिचं होतं. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. बाबांनाही बहुतेक माहीत नव्हतं, कारण ते दाराशी येऊन उभे राहिले होते आणि तिथून हलले नाहीत.

टीचर बराच वेळ आईच्या पाठीवर हात ठेवून होत्या. मग बाबांकडे वळून त्यांनी फार कडक आवाजात सांगितलं, की गोळी आणि चालणं हे डॉक्टरांचं खातं, त्यात त्या पडणार नाहीत. पण लपवून खाणं हे मूर्खाचं खाणं. चोरून खाताना माणूस घाईत असतो, चवही कळत नाही आणि किती खाल्लं तेही कळत नाही. डॉक्टरांना विचारा कधीमधी एखादं चालेल का. ते हो म्हणाले तर बशीत घेऊन, बायकोसमोर बसून खा. नाही म्हणाले तर तिच्यासमोर बसून चणे खा. बाबा मान खाली घालून ऐकत होते.

मग त्या आईकडे वळल्या. म्हणाल्या, आणि तुम्ही दिवसभरात काय खाता? आई म्हणाली, मी कुठे काय खाते, दोन वेळचं जेवण, बास. मधलं खाणं मला माहीतच नाही. टीचरनी ताटाळ्यातली एक वाटी काढून ओट्यावर ठेवली. उद्या एक दिवस, ओट्याशी उभं राहून जे जे तोंडात टाकाल ते तोंडात न टाकता ह्या वाटीत टाका, त्या म्हणाल्या. आईने ते आव्हान म्हणूनच घेतलं. वाटी रिकामी राहील ह्याची तिला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा टीचर आमच्या हॉलमध्ये बसल्या होत्या आणि आई वाटी घेऊन बाहेर येत होती. वाटी काठोकाठ भरली होती. खारीचा तुकडा, पाहुण्यांसाठी परत आणलेल्या बिस्किटांमधली मोडकी, शेजारच्या मुलाने अर्धं टाकलेलं क्रीमचं, चमचाभर शिरा चाखायला घेतलेला, चिवड्यातले शेंगदाणे, पोळीची कड, गुळाचा खडा. आईला स्वतःलाच ते पटत नव्हतं. तिने वाटी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत उभी राहिली.

बाबा उठून आले. चष्मा सारखा करून त्यांनी वाटीत वाकून पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट आईला म्हणाले, "एवढं तर माझ्या छत्रीतही मावलं नसतं."

आई हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. हसता हसता ती रडली आणि रडता रडता खुर्चीत बसली. टीचर उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा टाकला. सेक्रेटरींनी दिलेली ती स्टीलची बशी त्यांनी शोधून काढली. आईला त्यांनी त्या दिवशी उठू दिलं नाही. हात लावायला गेली की ‘बसा’ म्हणायच्या. आई चहाला नीट बसलेली मी त्याआधी कधी पाहिली होती, हे मला आठवेना. मोडकं बिस्कीट वाया जाऊ नये म्हणून खायचं, उरलेला शिरा टाकवत नाही म्हणून खायचा, हे सगळं तिने आयुष्यभर केलं होतं आणि त्याला ती खाणं समजतच नव्हती. त्याच आठवड्यात तिनेही रक्त तपासून घेतलं. अजून काही नव्हतं, पण सांभाळा म्हणाले.

पुढे चार वाजता आमच्या टेबलावर तिघं बसायला लागले. डॉक्टरांनी बाबांना कधीमधी एखादं चालेल म्हटलं होतं. बाबांनी ‘कधीमधी’चा अर्थ ‘रोज’ असा लावायचा प्रयत्न करून पाहिला. तेव्हा टीचर आणि आई दोघी एकदम त्यांच्याकडे बघायच्या. शेवटी ठरलं बुधवार आणि रविवार. इतर दिवशी चणे, काकडी, पेरू. जोडबिस्कीट बुडवायचं कसब गेलं म्हणून बाबा थोडे हळहळले, मग त्यांनी एकच बिस्कीट न मोडता किती वेळ चहात धरता येतं ह्यावर मेहनत सुरू केली. चालणं पुन्हा सुरू झालं, आता दोघांचं. काही महिन्यांनी साखर उतरली. डॉक्टरांनी गोळ्यांना श्रेय दिलं, बाबांनी चालण्याला. टीचरना विचारलं तर म्हणाल्या, मला काय विचारता, मी फक्त चहा टाकला.

नाताळात त्या कलकल, नेवऱ्या असं तळलेलं गोडधोड करायच्या आणि प्रत्येक मजल्यावर ताटं पाठवायच्या. आमच्या ताटात बाबांच्या वाट्याचं वेगळं, छोटं, रुमालाने झाकलेलं असायचं. सणाच्या दिवशी मागचं वाचायचं नाही, असंही त्यांचं एक मत होतं.

गेल्या वर्षी ती इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. आम्ही जवळच दुसरं घर घेतलं आणि टीचर पालीला, धाकट्या भावाच्या घरी राहायला गेल्या. निरोप घेताना आई आणि त्या दोघी एकमेकींच्या पदराला, ओढणीला डोळे पुसत होत्या आणि बाबा टेम्पोवाल्यावर विनाकारण ओरडत होते.

ह्या पावसाळ्यानंतर टीचरच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरची मंडळी दिवसभर कामात, डोळ्यात औषध घालायला कुणीतरी हवं. आईने हे फोनवर ऐकलं आणि तिसऱ्या वाक्याला येते म्हणाली. माझी आई, जी बाबांशिवाय कधी मीरारोडच्या पुढे एकटी गेली नव्हती, ती कपड्यांची पिशवी घेऊन उत्तनच्या बसमध्ये बसली. दोन दिवसांत परत येणार होती. चार झाले, आठवडा होत आला.

शेवटी काल मी फोन केला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. आई म्हणाली, टीचरचा डोळा छान आहे, आता त्यांना स्वच्छ दिसतं. मला रोज संध्याकाळी किनाऱ्यावर नेतात, होड्या परत येताना दाखवतात. इथल्या बायकांनी मला मासळी निवडायला शिकवलं. मग येतेस कधी, मी विचारलं. मागून टीचर काहीतरी सांगत होत्या.

"रविवारपर्यंत बघते," आई म्हणाली. "नाहीतर असं कर, बाबांनाच इकडे पाठव. एक खाट रिकामी आहे."

फोन स्पीकरवर होता. हे बाबांना कसं सांगावं म्हणून मी मागे वळले, तर बाबा कपाट उघडून उभे होते आणि त्यांची पिशवी अर्धी भरून झाली होती.